छोट्या शाळेचं अंगण

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि गोव्यातून आलेले शिक्षक-पालक बंधुभगिनी, आणि मंडपाच्या मागच्या दाराशी चिकूच्या पाट्यांभोवती जमलेल्या माझ्या बाळगोपाळांनो,

बोर्डीकरांच्या वतीने मी आपलं सर्वांचं मनापासून स्वागत करते. आपल्यापैकी बरेच जण पहाटेच घोलवड स्टेशनवर उतरलात आणि पिशव्या ठेवून थेट सुरूच्या बनातून समुद्रावर गेलात, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. आनंद वाटला. आपल्या उतरण्याची सोय आम्ही मुद्दाम गावातल्या घरांमध्ये केली आहे. ज्यांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल आपण बोलणार, त्या माणसांच्या पडवीत दोन रात्री राहावं, असं स्वागत समितीत सगळ्यांचंच मत पडलं.

छोट्या शाळांचं हे संमेलन बोर्डीत व्हावं, याला कारण आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली या गावात आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. १९५०च्या दशकात काम इथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या सोबतीला. तिथे खरी कसोटी होती. शाळा उघडली म्हणून पाड्यावरचं मूल येत नव्हतं. मुलाला गुरं राखायची असत, मुलीला धाकटं भावंड सांभाळायचं असे. या बायांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. शाळेचा आकार बदलला. पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरत असतील तिथे भरली ती कुरणशाळा. कडेवरच्या बाळाला घेऊन मोठी बहीण येऊ शकावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, ती विकासवाडी. मूल जिथे आहे आणि जसं आहे, तिथून सुरुवात करायची आणि त्यासाठी लागेल तेवढीच शाळा उभी करायची, हे इथे करून दाखवलं गेलं आहे.

आज आपल्या पत्रिकेवर ‘मायक्रोस्कूल’ हा शब्द आहे. तो अमेरिकेत रुळला. ॲरिझोना राज्यात २०१८ साली ‘प्रेंडा’ नावाच्या उपक्रमाने पाच-दहा मुलांचे गट घराघरांत भरवायला सुरुवात केली, आणि कोविडच्या काळात असे गट तिथे झपाट्याने वाढले. आपल्याकडच्या शहरी पालकांचीही वाट साधारण तीच. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात आपलं मूल हरवतंय असं वाटतं, म्हणून ते शाळेतून काढतात. घरशाळा सुरू होते. वर्षभरात लक्षात येतं, की सगळा भार आईवर पडला आहे आणि मुलाला भांडायला, रुसायला, खेळायला रोजचं कुणी नाही. मग चार-पाच कुटुंबं एकत्र येतात, एखादा शिक्षक शोधतात, सोसायटीतली एखादी खोली मिळवतात. मोठी शाळा आणि घर यांच्यामधली ही जागा मला फार मोलाची वाटते.

पण मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. आयुष्यभर द्विशिक्षकी शाळेत शिकवलं. तेव्हा मला विचाराल तर महाराष्ट्रात छोट्या शाळा कालपरवा आलेल्या नाहीत. आपल्या राज्यात २०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या. त्याच वर्षी त्यांना एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तशा शाळांची म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं दिली गेली. एकीकडे शहरातला पालक पंधरा मुलांच्या शाळेसाठी पदरचे पैसे मोजतो, आणि दुसरीकडे पाड्यावरची पंधरा मुलांची शाळा पट कमी म्हणून ओझं ठरते. हे मला पटत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्क कायद्याखालचे आपल्याच राज्याचे नियम सांगतात. शाळा लांब गेली, मध्ये ओढा आला, की पावसाळ्यात पहिली घरी बसते ती मुलगी. बसची सोय कागदावर असते, पाड्यापर्यंत पोचायला रस्ता लागतो.

छोट्या खोलीत काय घडतं तेही सांगते. माझ्या वर्गात चारही इयत्ता एकत्र बसत. मी तिसरीला हातच्याची वजाबाकी दाखवत होते. कोपऱ्यात चौथीतली एक मुलगी पहिलीच्या मुलाकडून काड्यांचे दशक बांधून घेत होती. त्याने अकरा काड्या घेऊन वर रबर चढवला. चुकलास, असं ती म्हणाली नाही. तिने रबर काढला, गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “आता मला मोजून दाखव.” त्याने मोजल्या, एक काडी बाजूला काढली, आणि रबर स्वतः चढवला. त्याचा दशक पक्का झालाच, पण तिचाही झाला. एकाच वयाच्या साठ मुलांच्या वर्गात ही संधी सहसा मिळत नाही.

मात्र हे आपोआप होत नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली. प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून आपल्या गतीने पुढे जातं. पुढे तामिळनाडूने तीच वाट सरकारी शाळांत नेली. असं साहित्य आणि असं प्रशिक्षण आपल्या शिक्षकाच्या हाती नसेल, वर पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं आणि रोजची ऑनलाइन माहिती त्याच्याच माथी असेल, तर चार इयत्तांची एक खोली मुलांवर अन्याय करते. अशा शाळांचं समर्थन मी करणार नाही. शाळा बंद करणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

शहरातल्या मित्रांची अडचण वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि कलम १९ ची मानकं, म्हणजे इमारत, मैदान, वर्गखोल्या, ही एका फ्लॅटमध्ये बसत नाहीत. म्हणून पाटीवर ‘शाळा’ऐवजी ‘केंद्र’ लिहावं लागतं, आणि मुलांना मुक्त विद्यालयाची परीक्षा किंवा दहावीला १७ नंबरचा फॉर्म हा रस्ता उरतो. पालक धास्तावलेले असतात. छोट्या शाळांसाठी मान्यतेचा स्वतंत्र प्रकार हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मैदानाच्या चौरस मीटरपेक्षा मुलांची सुरक्षितता, स्वच्छतागृह, शिक्षकाची तयारी आणि मुलाची प्रगती तपासली जावी. तपासणी नकोच, असं मात्र कुणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट. जी छोटी शाळा फक्त फी भरू शकणाऱ्या, एकसारख्या घरांतल्या मुलांची होते, ती कितीही प्रेमाने चालवली तरी अपुरी राहते. आपल्या इमारतीच्या वॉचमनचं, घरकाम करणाऱ्या ताईंचं मूल तिथे बसायला हवं. ही विनंती मी या व्यासपीठावरून हात जोडून करते.

उद्या दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येईल. त्यात स्वतंत्र मान्यतेची मागणी आणि वीस पटाखालची एकही पाड्यावरची शाळा बंद न करण्याची मागणी, या दोन्ही एकाच ठरावात याव्यात असं स्वागत समितीने सुचवलं आहे. शहरातल्या पालकांनी दुसऱ्या मागणीसाठी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी पहिल्या मागणीसाठी बोलावं, अशी माझी इच्छा आहे. दोन्ही बाजूंची नावं नोंदवायला वही नोंदणी टेबलावर ठेवली आहे. आता मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करते.