गणवेशाची पट्टी कुणाच्या हातात?

(कोल्हापुरात महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

विषय ऐकून काही जणींना वाटलं असेल, की हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन हे सगळं बाजूला ठेवून शाळेच्या गणवेशावर बैठक कशाला? पण दर जून महिन्यात आपल्या गटांकडे ज्या आया येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी गणवेशाचंच गाऱ्हाणं घेऊन येतात. कुणाला दोन जोड, बूट, टाय, स्वेटर यांचे पैसे एकदम भरायचे असतात. कुणाच्या मुलीला हातावर मेंदी दिसली म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं असतं. यांतल्या अनेकींच्या मुली ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत जातात. आपण त्यांना सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतो. आज त्या शाळांतल्या गणवेशाबद्दल बोलू या.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करू. या शाळांचं आपल्यावर ऋण आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले. मिशनने इथे शाळा काढल्या, मुलींनाही शिकवलं. शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते १९१७ साली. आजही धुणीभांडी करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालते, ती उगाच नाही. तिला तिथे शिस्त दिसते, इंग्रजी दिसते, मुलीसाठी सुरक्षित जागा दिसते. म्हणून आपली टीका ही शाळेच्या जिवावर उठलेल्यांची टीका नाही. मुलीला त्याच शाळेत टिकवू पाहणाऱ्यांची आहे.

ख्रिस्ती संस्था आणि बाईचा पोशाख हा वाद आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून त्यांनी पेहराव बदलला नाही, साडीच ठेवली. तिथल्या भगिनींच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. ते रमाबाईंना मान्य नव्हतं. लॅटिनच का, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. श्रद्धा एक आणि पोशाखाची सक्ती दुसरी, हा फरक या बाईने एकटीने, परक्या देशात, आपल्याला आसरा देणाऱ्यांसमोर उभं राहून सांगितला.

आता गणवेशाकडे येऊ. गणवेश का, तर गरीब-श्रीमंत, जात, धर्म वर्गात दिसू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे, आणि आपल्याला तो हवा आहे. रोज नवा फ्रॉक कुठून आणायचा, ही काळजी त्याने मिटते. पण नियमांची यादी एकदा वाचून बघा. मुलग्यांसाठी दोन-तीन ओळी असतात. केस बारीक, बूट काळे, शर्ट आत खोचलेला. मुलींची यादी मात्र संपत नाही. स्कर्ट गुडघ्याखाली किती बोटं, वेण्या किती, रिबीन कुठल्या रंगाची, कानात काय, हातात काय, कपाळावर काय, नखं, मेंदी, आतली शमीज. म्हणजे समानतेसाठी आणलेल्या गणवेशाची पट्टी शेवटी मुलीच्याच अंगावर फिरते.

आणि ज्या गोष्टींचा नियम हवा, तिथे नियम नसतो. पाळी सुरू झालेल्या मुलीला कवायतीच्या दिवशी पांढरा स्कर्ट घालावा लागतो. त्या दिवशी कित्येक मुली पोटात दुखतंय म्हणून घरी राहतात. हजेरीपटावर ती नुसती गैरहजेरी दिसते. स्कर्ट घालून सायकल चालवताना एक हात हँडलवर आणि एक स्कर्टवर. मैदानात पळताना लक्ष चेंडूवर कमी, कपड्यावर जास्त. हा कपडा ठरवताना मुलीला कुणी विचारलं होतं का?

दुसरा मुद्दा पैशाचा. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत आठवीपर्यंतच्या मुलींना समग्र शिक्षा योजनेतून गणवेश मिळतो. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही असा निकाल दिला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. आज मात्र कॉन्व्हेंटमधल्या गरीब मुलीला या कायद्याचा आधार नाही. तिचा गणवेश तिच्या आईच्या बचत गटाच्या कर्जातून येतो. त्यात कापड एकाच दुकानातून घ्यायची सक्ती झाली, की भाव करायचीही सोय राहत नाही. अशी सक्ती शाळेने करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. त्या मागायला कुणी जात नाही, एवढंच.

तिसरा मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे, धर्माचा. केरळमध्ये २०१८ साली तिरुवनंतपुरमच्या एका ख्रिस्ती शाळेत दोन मुस्लिम मुलींना डोक्यावर रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा होता. शाळेने नकार दिला. उच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलींना हक्क आहे, तसा संस्थेलाही आहे, आणि इथे संस्थेचा हक्क वरचढ आहे. गणवेश मान्य असेल तर शाळेत राहा, नसेल तर दाखला घ्या, असा त्याचा अर्थ. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कोचीतल्या पल्लुरुथीच्या एका ख्रिस्ती शाळेत आठवीतल्या मुलीच्या हिजाबवरून वाद पेटला. शाळा दोन दिवस बंद राहिली, मंत्री बोलले, पुढारी बोलले. शेवटी घरच्यांनी मुलीला त्या शाळेतून काढायचं ठरवलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकातला वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली. न्यायमूर्ती धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न सगळ्यांत पुढे ठेवला. आपल्यालाही तोच महत्त्वाचा वाटतो. धर्माचे पुढारी आणि संस्थाचालक आपापल्या जागी राहतात, शाळा सुटते ती मुलीची.

आपल्याकडे हाच वाद टिकली आणि बांगड्यांवरून होतो. शाळा म्हणते काढ, घरचे म्हणतात घाल. अशा वेळी बाहेरून एखादी टोळी येते आणि 'आमच्या मुलींचा धर्म बुडवतात' म्हणून शाळेच्या फाटकावर घोषणा देते. मैत्रिणींनो, त्यांच्या मागे आपण जायचं नाही. त्यांना मुलीच्या शिक्षणाशी देणंघेणं नसतं. हेच लोक उद्या जीन्स घातली म्हणून तिला रस्त्यात अडवतील. आपण टिकली लावायची सक्ती मानत नाही, पुसायचीही मानत नाही. रुमाल बांधायची सक्ती मानत नाही आणि ओढून काढायचीही नाही. पण रुमाल मनाने बांधला की घरच्या धाकाने, हे फाटकावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी मुलगी शाळेत यायला हवी, तिला बोलतं करणारी बाई तिथे हवी.

मग करायचं काय? मोर्चा हा शेवटचा उपाय. आधी पाच-सहा आयांनी, सगळ्या धर्मांच्या, मिळून मुख्याध्यापिकेला भेटायचं. पालक-शिक्षक संघात हा विषय लेखी मांडायचा. मागण्या साध्या ठेवायच्या. कपड्याच्या कारणावरून कुठल्याही मुलीला वर्गाबाहेर काढू नये, तक्रार असेल तर पालकांना चिठ्ठी द्यावी. कवायतीला गडद रंग असावा. मुलींना पँट किंवा सलवारची मुभा असावी. केरळमधल्या वलयनचिरंगरा या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ साली मुलामुलींना सारखीच गुडघ्याखाली जाणारी पँट आणि शर्ट दिला. तिथे मुली मोकळेपणाने खेळू लागल्या. कापडाचा नमुना सूचना-फलकावर लावावा, शिवणाऱ्या बायकांना तो शिवायची संधी मिळावी. मोठ्या बहिणीचा गणवेश धाकटीला चालेल इतकी वर्षं तो बदलू नये. आणि गणवेश ठरवणाऱ्या समितीत मुली असाव्यात.

शाळेतल्या सिस्टर ऐकणार नाहीत, असं आधीच धरून चालू नका. त्याही बायका आहेत, त्यांनीही आपला गणवेश बदललेला आहे. मदर तेरेसांनी १९४८ साली युरोपातला झगा सोडून निळ्या काठाची पांढरी साडी घेतली. आज आपल्याकडे कित्येक सिस्टर साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये काम करतात. ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्यासारखं राहावं, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत मानलं. तेवढंच मुलींच्या बाबतीत माना, असं आपण त्यांना सांगू शकतो.

येत्या जूनच्या आधी प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या मुलींना एकत्र बसवावं आणि विचारावं, तुला या कपड्यात काय अडचण होते? त्या सांगतील ते लिहून घ्या. तोच कागद घेऊन आपण शाळेत जाऊ.