उरलेल्या जागेतला संदेश

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या बावीस वर्षांच्या अभियंत्याने संगणकावर ‘मेरी ख्रिसमस’ एवढंच टाइप केलं. ते पोचलं व्होडाफोनचे अधिकारी रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर. जार्व्हिस तेव्हा कंपनीच्या नाताळच्या पार्टीत होते. त्यांनी उलट उत्तर पाठवलं नाही, कारण त्यांच्या ऑर्बिटेल फोनवर संदेश वाचता येत होता, लिहिता येत नव्हता. जगातला पहिला एसएमएस असा एकतर्फीच गेला.

त्यात नवल नाही. १९८०च्या दशकात युरोपातले तज्ज्ञ जीएसएम या मोबाइल यंत्रणेचा आराखडा आखत होते, तेव्हा फोन म्हणजे बोलण्याचं साधन हे गृहीतच होतं. लेखी संदेश ही जोडसोय होती, आणि तिच्यासाठी वेगळा खर्च करायला कुणी तयार नव्हतं. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांट आणि फ्रान्सचे बर्नार गिलबेर यांनी मग जागा शोधली ती नियंत्रणाच्या वाहिनीत. फोन खिशात गप्प असला तरी टॉवरशी त्याची कुजबुज चालू असते: मी इथे आहे, आता या भागातून त्या भागात आलो, माझ्यासाठी कॉल आहे का? ही वाहिनी बराच वेळ मोकळी असते. गावाकडे एसटी जाणारच असते, वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिच्यातूनच जातो, तशी ही व्यवस्था. बोलणं चालू असतानाही एसएमएस येऊन पडतो, तो यामुळेच.

फुकटात मिळालेली जागा अर्थातच बेताची होती: १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला सात बिट पुरवले की त्यात बरोबर १६० अक्षरं मावतात. तेवढ्यात माणसाचं भागेल का? हिलेब्रांट यांनी १९८५मध्ये बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं आणि प्रश्न लिहून अक्षरं मोजली. बहुतेक मजकूर १६०च्या आत बसला. पोस्टकार्डांवरचा आणि टेलेक्सचा मजकूरही साधारण तेवढाच भरत होता. अब्जावधी माणसांच्या लिहिण्याची लांबी ठरली ती अशा घरगुती मोजणीवर.

संदेशाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ‘पाठवा’ म्हटल्यावर तो थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. तो आधी आपल्या कंपनीच्या संदेश केंद्रात उतरतो. या केंद्राचा नंबर सिमकार्डातच नोंदलेला असतो. केंद्र मग ज्याला संदेश पाठवायचा त्याच्या कंपनीच्या नोंदवहीला विचारतं, हा ग्राहक आत्ता कुठल्या भागात आहे? पत्ता लागला की संदेश तिथल्या यंत्रणेकडे, तिथून टॉवरकडे आणि मग फोनकडे. फोन बंद असेल तर नोंदवहीत खूण करून ठेवली जाते. फोन चालू होऊन टॉवरला हजेरी लागली की केंद्राला वर्दी जाते आणि थांबलेला संदेश सुटतो. घाटातून बाहेर पडताच संदेश एकापाठोपाठ एक येऊ लागतात, ते याच हिशेबाने. मात्र ठरलेली मुदत संपली तर केंद्र संदेश टाकून देतं.

आता आपल्या लिपीकडे येऊ. जीएसएमच्या सात बिटांच्या अक्षरसंचात रोमन लिपी आहे, पौंड, डॉलर आणि येन आहेत, ग्रीक लिपीतली दहा मोठी अक्षरंही आहेत. देवनागरी नाही. देवनागरीसाठी युनिकोड वापरावा लागतो आणि त्यात प्रत्येक चिन्हाला सोळा बिट जातात. ११२० भागिले १६, उत्तर ७०. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण काना, अनुस्वार आणि हलन्त धरून यंत्र त्यात अकरा चिन्हं मोजतं. रोमनमध्ये हाच शब्द साधारण दहा अक्षरांत बसतो. म्हणजे चिन्हांच्या संख्येत आपण फारसे मागे नाही, नडते ती चिन्हाची रुंदी. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर घातलं, तरी सगळा संदेश सत्तरच्या हिशेबात जातो. २०१०मध्ये आलेल्या रुपयाच्या नव्या चिन्हाचंही तेच.

लांब संदेश तुकड्यांत जातो. तुकडे क्रमाने जोडण्याच्या खुणेला थोडी जागा लागते, म्हणून रोमनमध्ये १६०ऐवजी १५३ आणि देवनागरीत ७०ऐवजी ६७ चिन्हंच मावतात. दीडशे चिन्हांचा इंग्रजी मजकूर एका संदेशात संपतो, मराठीत त्याचे तीन होतात. घाऊक संदेश पाठवणाऱ्याला तुकड्यागणिक पैसे पडतात. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लागली त्याला कीबोर्ड कारण होता, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवणारे जुने फोन कारण होते, आणि हा हिशेबही होता.

भारतात या जोडसोयीने भलताच धंदा केला. तेव्हा दिवाळी आणि नववर्ष आलं की स्वस्त संदेशांची पॅक त्या दिवसापुरती बंद व्हायची. शुभेच्छा द्या, पण पूर्ण दराने! जाहिरातींचा पूर आवरायला दूरसंचार नियामक ट्रायने २०११मध्ये एका सिमवरून दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा घातली, ती लगेच दोनशेवर नेली. २०१२च्या ऑगस्टमध्ये अफवांच्या संदेशांमुळे पुणे आणि बंगळूरमधून ईशान्य भारतातली माणसं गाड्या भरून गावी निघाली, तेव्हा तर सरकारने काही दिवस घाऊक संदेश पाचांवर आणले होते.

गप्पा आता व्हॉट्सॲपवर गेल्या. एसएमएसकडे उरलं ते बँकेचं काम, आणि ते सगळ्यात जोखमीचं आहे. या संदेशाला दोन फोनांमधलं कुलूप नाही, कंपनीच्या केंद्रात तो वाचता येण्याजोगाच असतो. उरलेल्या जागेत बसवलेल्या सोयीला कुलूप कोण लावणार? सिमची नक्कल काढून ओटीपी पळवणाऱ्यांची वाट वेगळी: संदेश थेट त्यांच्याच फोनवर येतो. ट्रायने निदान पाठवणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची केली आहे. ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ असं नाव दिसलं तर पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं सेवाक्षेत्राचं आणि पुढची सहा महावितरणची. २०२५च्या दुरुस्तीनंतर शेवटी पी, एस, टी किंवा जी लागतं: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. ‘आज रात्री वीज तोडू’ असा संदेश दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला, तर तो महावितरणचा नाही. त्यातल्या नंबरावर फोन करू नका.