संगमनेरात मुक्त सॉफ्टवेअरचा गट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजन समितीने मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. समितीची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलून घेतला आहे. संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत. गेलं वर्ष-दीड वर्ष आपल्याच गावात काही मुलामुलींबरोबर एक छोटं काम चाललं आहे, त्याबद्दल सांगतो. शेवटी तुमच्याकडे काही मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणाला फसल्यासारखं वाटायला नको.

‘ओपन सोर्स’ किंवा मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे फुकटचं ना?” फुकट हा त्यातला अगदी लहान भाग. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाजारातलं संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. गावरान बी तुम्ही पेरता, त्यातलंच पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता, शेजाऱ्याला देता, आपल्या जमिनीत जे चांगलं येतं ते निवडत जाता. मुक्त सॉफ्टवेअरचं तसंच आहे. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते उघडं असतं. तो वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ सुरू केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना लिहिला. त्याची मुख्य अट साधी आहे : या बियाण्यात सुधारणा करून ते दुसऱ्याला देणार असाल, तर त्यालाही तुम्हाला मिळालेले सगळे हक्क द्या.

यातलं आपण काही वापरत नाही असं कुणाला वाटत असेल, तर खिशातला फोन बाहेर काढा. अँड्रॉइड असेल तर त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हौस म्हणून सुरू केलेलं काम आज आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. लग्नाचा व्हिडिओ बघताना नारिंगी शंकूचं चित्र दिसतं ते व्हीएलसीसुद्धा यातलंच. तेव्हा वापरणारे आपण सगळेच आहोत. प्रश्न एवढाच आहे की, आपल्यातले करणारे किती?

असे गट आपल्याकडे नवे नाहीत. पुण्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून लिनक्स वापरणाऱ्यांचा गट भरत आला आहे. त्याला ‘प्लग’ म्हणतात. त्या काळात इंटरनेट महाग आणि मंद होतं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, आणि एकाची सीडी दहाजणांकडे फिरायची. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘जीनूनिफाय’ नावाची परिषद कित्येक वर्षं भरत होती. तिथे पहिल्यांदा स्टेजवर उभं राहून बोललेली मुलं आज मोठ्या जागांवर आहेत. मुंबईत साधारण २००० साली ‘इंडलिनक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. संगणकाने आपल्या भाषांत बोलावं, हा त्याचा ध्यास होता.

“पुण्या-मुंबईचं काय सांगतोस, आपल्याकडे कसं जमणार?” असं तुमच्या मनात आलं असेल. म्हणून पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरचं उदाहरण देतो. हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. २००४ मध्ये कुशल दास या तरुणाने तिथे लिनक्स गट सुरू केला. २००८ पासून हा गट दर उन्हाळ्यात ऑनलाइन प्रशिक्षण घेऊ लागला, आणि तेही व्हिडिओशिवाय, फक्त टाइप करून. त्यामुळे मंद इंटरनेट असलेल्या गावातल्या मुलालाही शिकता येऊ लागलं. केरळमध्ये २००२ पासून स्वयंसेवकांनी मल्याळम भाषेसाठी फॉन्ट आणि टाइप करण्याची साधनं तयार केली. केरळच्या सरकारी शाळांतले संगणकही मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. यातलं कुणीही मोठ्या कंपनीची वाट बघत बसलं नाही.

आता संगमनेरकडे येतो. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पॉलिटेक्निक आहे, बीसीए-बीसीएसच्या तुकड्या भरलेल्या आहेत. साकूर, घारगाव, निमोण, आश्वी, तळेगाव, पलीकडे अकोले, अशा सगळीकडून मुलं एसटीने येतात. पदवी झाली की पुण्याला जातात, कॉट बेसिसवर राहतात, कोर्स लावतात. मुलाखती घेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या पन्नास मुलांचे बायोडाटा समोर ठेवले, तर त्यावरचा प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकच असतो : ग्रंथालय व्यवस्थापन, नाहीतर रुग्णालय व्यवस्थापन. मुलं हुशार असतात. पण त्यांनी लिहिलेलं कधी कुणी वापरलेलं नसतं, तपासलेलं नसतं, “हे चुकलं आहे, पुन्हा कर” असं बाहेरच्या कुणी सांगितलेलं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं आपोआप घडतं, आणि घडलेलं जगासमोर राहतं. तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. म्हणून गट सुरू केला.

आपल्याच तुकडीतल्या एका मित्राने दुकानाच्या वरची खोली दिली. महिन्यातून एक रविवार ठरवला. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. तिसऱ्या बैठकीला चौघं आली. पुढे कळलं की सगळीकडचा अनुभव हाच आहे. भाषण ऐकायला गर्दी होते, पण माणूस टिकतो तो कामामुळे. आणि काम असं हवं, की जे आपण नाही केलं तर दुसरं कुणी करणार नाही.

ते काम आपल्या शाळेनेच दिलं. शाळेच्या जुन्या स्मरणिकांच्या आणि वार्षिक अंकांच्या फायली सीडीवर जपून ठेवलेल्या आहेत. त्या उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करताना इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. ‘क’ कुठल्या जागेवर बसवायचा ते प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलेलं. तो फॉन्ट हरवला की मजकूर असून नसल्यासारखा. ही फक्त आपल्या शाळेची गोष्ट नाही. सोसायट्यांचे अहवाल, नगरपालिकेची पत्रकं, गावोगावच्या दिवाळी अंकांच्या फायली, सगळ्यांची हीच गत आहे.

अशी अक्षरं युनिकोडमध्ये आणणारे मुक्त प्रोग्रॅम आहेत, पण मराठीत ते अडखळतात. वरवर वाटतं, या अक्षराच्या जागी ते अक्षर ठेवलं की झालं. पण ‘स्थिती’ शब्द घ्या. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून ‘थ’च्या नंतर न्यावी लागते. ‘मूर्ती’तला रफार उलट दिशेने जातो : जुन्या फायलीत तो ‘ती’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये ‘त’च्या आधी आणावा लागतो. आणि खास आपल्या मराठीची गोष्ट म्हणजे ‘र्य’ आणि ‘ऱ्य’. साकूरहून येणाऱ्या, डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीच्या लक्षात आलं की, प्रोग्रॅम ‘डोंगरदऱ्या’ला ‘डोंगरदर्या’ करतो आहे. आम्ही निवृत्त झालेल्या मराठीच्या बाईंना बोलावलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “अरे, उद्या ‘आचार्यांचा सत्कार’च्या जागी ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापून येईल!” दोघींनी बसून अशा शब्दांच्या जोड्यांची यादी केली. मुलीने ती दुरुस्तीसह त्या प्रोग्रॅमच्या मूळ कर्त्यांकडे पाठवली. त्यांनी एकदा परत पाठवली, दुसऱ्यांदाही परत पाठवली, प्रत्येक वेळी काय कमी आहे ते सांगून. तिसऱ्या वेळी स्वीकारली. आज तो प्रोग्रॅम जगात कुणीही उतरवून घेतला, तरी त्यात साकूरच्या मुलीची दुरुस्ती असते.

मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. दोनदा परत आलेलं काम तिसऱ्यांदा पाठवायची सवय तिला लागली. ही सवय कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. आणि बाईंना प्रोग्रॅमिंगची एक ओळ येत नसताना त्यांच्यावाचून हे काम झालं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरला फक्त प्रोग्रॅमर लागत नाहीत. भाषा जाणणारे, तपासणारे, समजावून लिहिणारेही लागतात.

गट चालवताना काही नियम आपोआप ठरत गेले. ते सांगतो, म्हणजे आणखी कुणाला आपल्या गावात असा गट काढायचा असेल तर उपयोगी पडतील. बैठक सकाळी दहाला सुरू होते आणि साडेतीनला संपतेच, कारण मुलांना एसटी गाठायची असते आणि मुलींनी उजेडात घरी पोचलं पाहिजे. फी नाही, सत्कार नाही, फ्लेक्स नाही. काय ठरलं, कुणी काय करायचं, ते एका वहीत लिहायचं आणि पुढच्या वेळी आधी ती वही वाचायची. नवीन मुलाच्या प्रश्नाला “एवढंही माहीत नाही?” असं कुणी म्हणायचं नाही. ज्याला इंग्रजीची भीती वाटते त्याने आधी मराठीत लिहायचं, मग सगळ्यांनी मिळून इंग्रजी करायचं. ज्याला अगदी सुरुवातीपासून शिकायचं आहे, त्याच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठीतले धडे आहेत. ते मोफत आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की, कुठलंही काम एकट्याच्या हातात ठेवायचं नाही. मार्च २०२४ मध्ये जगभर एक खळबळ उडाली होती. असंख्य सर्व्हरवर चालणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. मदतीच्या नावाखाली कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला आणि प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा ठेवून दिला. एका अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, असा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. सगळ्या जगाने घेत राहायचं आणि एकाने देत राहायचं, हे फार दिवस चालत नाही. दूध संघ आणि पतसंस्था चालवलेल्या आपल्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून आमच्या खोलीची किल्ली दोघांकडे असते आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस जोडलेला असतो. मी पुण्याहून येऊ शकलो नाही तरी बैठक होते. गेले चार महिने ती मुलंच चालवत आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यामुळे हमखास नोकरी लागते असं मी कुठल्याच पालकांना सांगितलेलं नाही. नोकरीचा बाजार वर-खाली होत राहणार. पण ज्या मुलाचं काम दहा अनोळखी माणसांनी तपासलं आहे, तो मुलाखतीत खाली मान घालून बसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मागणं. ज्यांच्या घरात, कार्यालयात, संस्थेत जुन्या मराठी फायली पडून आहेत, त्यांनी संस्थेच्या परवानगीने त्या आम्हाला द्याव्यात. कपाटात पडलेले जुने लॅपटॉप द्यावेत. हलकं लिनक्स टाकलं की त्यातले बरेच पुन्हा चालू लागतात. मराठी चांगलं जाणणाऱ्या सर-बाईंनी महिन्यातून दोन तास द्यावेत. आणि आमच्या तुकडीतले जे माझ्यासारखे पुण्यात, नाशकात, परदेशात संगणकाचं काम करतात, त्यांनी देणगीपेक्षा एका मुलाचं किंवा मुलीचं काम वर्षभर तपासून द्यावं.

पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. जागा मला किंवा दुकानवाल्या मित्राला विचारा, आम्ही दोघंही जेवणाच्या रांगेत सापडू.