कुड्याची साल
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील कामाचा व जमाखर्चाचा तपशील या अहवालाच्या पुढील पानांवर दिलेला आहे, त्याची उजळणी येथे करीत नाही. विश्वस्तांनी आज आम्हांस वनौषधींविषयी बोलण्यास सांगितले आहे. त्याचे कारण दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न बाह्यरुग्ण विभागात रोज कानी पडतो : झाडपाल्याचे औषध चालेल का? दुसरा प्रश्न देणगीदारांच्या पत्रांतून येतो : सातपुड्याच्या पायथ्याशी बसून तुम्ही वनस्पतींवर संशोधन का करीत नाही? एका हितचिंतकाने तर औषधनिर्मितीची छोटी शाळा काढण्यासाठी मदत देऊ केली. ती आम्ही नम्रपणे नाकारली. का नाकारली, हे सांगताना दोन्ही प्रश्नांचे उत्तर देता येईल असे वाटते.

आरंभ एका रुग्णाच्या हकिकतीने करतो. पावसाळ्याचे दिवस होते. अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरून दोन वर्षांच्या मुलाला झोळीतून खाली रस्त्यापर्यंत आणि तेथून जीपने आमच्याकडे आणण्यात आले. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी परत जागेवर जाईना. सोबत वडील आणि आजी. आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, घरी काही झाडपाला दिला का? दोघांनीही मान हलवून नाही म्हटले. शिरेतून सलाईन आणि नंतर तोंडाने जलसंजीवनी यांवर मूल रात्रीतून सावरले. सकाळी मुलाने भाकरी मागितली, तेव्हा आजीने पदराची गाठ सोडून सालीचा एक तुकडा आमच्यापुढे ठेवला. कुड्याची साल. काढा करून दोन दिवस दिला होता.

काल का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. आजी काही बोलल्या नाहीत, परंतु उत्तर आम्हांला ठाऊक होते. यापूर्वी कधीतरी, येथे किंवा अन्यत्र, कोणी पांढऱ्या कोटातील माणूस त्यांच्यावर ओरडलेला असणार. आम्हीही पूर्वी ओरडत होतो, हे कबूल केले पाहिजे.

हकिकत येथे संपत नाही. आमच्यापैकी एकाला वाटले, पाहू तरी ही वनस्पती कोणती. रुग्णालयामागील टेकडीवरून त्याने कुड्याची म्हणून फांदी तोडून आणली. आजींनी तिची साल नखाने खरवडली, जिभेला लावली आणि फांदी परत केली. हा नव्हे. त्यांचे बरोबर होते. आणलेली फांदी काळ्या कुड्याची होती.

या दोन कुड्यांची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन्ही झाडे आपल्या डोंगरात आढळतात, दोन्ही एकाच कुळातील आहेत, दोन्हींना चीक आहे आणि दोन्हींची फुले पांढरीच असतात. पांढऱ्याच्या शेंगांची जोडी सुटी लोंबते, तर काळ्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात. काष्ठौषधींच्या दुकानात पांढऱ्याच्या बियांना कडू इंद्रजव आणि काळ्याच्या बियांना गोडे इंद्रजव म्हणतात. आयुर्वेदाने अतिसारावर सांगितलेला कुटज तो हा कडू. त्याच्या सालीतील कोनेसीन नावाचे अल्कलॉइड मुंबईचे डॉ. हेन्स यांनी १८५८ साली वेगळे केले. परंतु एकोणिसाव्या शतकात काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावाने सर्रास विकली जाई आणि तिचा गुण येत नसे. त्यामुळे औषधच निरुपयोगी आहे असा बोभाटा झाला. शास्त्रीय नावांतसुद्धा हा घोळ कित्येक वर्षे चालू होता. ज्या चुकीत विद्वान पडले तीच आमच्या टेकडीवर झाली, आणि ती दुरुस्त केली शाळेची पायरी न चढलेल्या एका आजींनी.

पुढे १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी कुड्याच्या सालीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांतून कुड्याचे एक निश्चित स्थान ठरले : अमिबामुळे होणारी आव. त्या काळी या रोगावर एमेटिन हे हृदयावर भार टाकणारे औषध वापरावे लागे, त्यामुळे कुड्यापासून केलेल्या औषधांना बरेच महत्त्व आले. मात्र शुद्ध कोनेसीन वापरू लागल्यावर काही रुग्णांना चक्कर, निद्रानाश आणि मनाची अस्वस्थता जाणवू लागली. १९६०च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि कुडा आधुनिक दवाखान्यातून मागे पडला. आयुर्वेदाच्या औषधालयात कुटजारिष्ट व कुटजघन वटी आजही आहेत.

आता त्या मुलाकडे परत येऊ. आजींनी झाड अचूक ओळखले होते. चूक झाली ती रोगात. आव आणि पाण्यासारखे जुलाब हे दोन निराळे आजार आहेत. लहान मुलांचे पावसाळी व हिवाळी जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात. मूल दगावते ते जंतूमुळे नव्हे, अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. कुड्याची साल कितीही अस्सल असली तरी गेलेले पाणी भरून काढीत नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी बनगाव येथे उभारलेल्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर व सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले आणि पटकीने मरणारी असंख्य माणसे वाचविली. त्याच मार्गाने सिद्ध झालेली जलसंजीवनीची पुडी आज आपल्या प्रत्येक आशा कार्यकर्तीकडे असते, सोबत झिंकच्या गोळ्याही. आजींना आम्ही एवढेच सांगितले की, पुन्हा असे झाले तर पहिल्या जुलाबापासून हे पाणी सुरू करा आणि मूल मलूल दिसताच निघा, काढ्याचा गुण पाहत थांबू नका.

वनस्पतीपासून औषध होतच नाही, असा आमच्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्याच राज्यात त्याचे उत्तम उदाहरण घडले आहे. सर्पगंधेचे मूळ वेड आणि निद्रानाश यांवर देशात पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ते मोजून दिले, रक्तदाब नोंदविला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळे केले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे असेही दिसले की जास्त मात्रेत या औषधाने काही रुग्णांना खोल उदासी येते. म्हणून मात्रा उतरविली गेली व आज त्याचा वापर फार थोडा उरला आहे. चिमूटभर मूळ आणि मिलिग्रॅमच्या अंशात मोजलेली गोळी यांत काय फरक आहे, हे यावरून ध्यानी यावे.

गुळवेलीची कथा अधिक ताजी आणि अधिक अडचणीची आहे. आपल्याकडे ती कडुनिंबावर चढलेली घरोघर दिसते. के. ई. एम. मध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, व शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिलेल्यांत जंतुसंसर्ग कमी होऊन अधिक रुग्ण वाचल्याचे त्यात दिसले. संख्या लहान होती, परंतु काम चोख होते. नंतर कोविडच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतला. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी असा काढा घेणाऱ्या ६ रुग्णांना यकृतदाह झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची नीट ओळख पटविलेली नाही, दिसायला सारखी दुसरी जातही असू शकेल. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकारामुळे होणाऱ्या यकृतविकाराची लक्षणे आढळली. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. आमच्यापुरते आम्ही असे ठरविले आहे की, ज्याला कावीळ किंवा यकृताचा विकार आहे त्याला गुळवेल थांबविण्यास सांगावयाचे, आणि काय घेत होता ते केसपेपरवर लिहावयाचे.

येथे बसलेल्या अनेक कुटुंबांना सिकलसेलची चिंता आहे, म्हणून त्याविषयी थोडे. रक्त वाढविणारा, कळा थांबविणारा पाला म्हणून आपल्या भागात बरेच काही दिले जाते. जगात या रोगासाठी वनस्पतिजन्य औषधाचा सर्वांत गंभीर प्रयत्न नायजेरियात झाला. तेथील शासकीय औषध संशोधन संस्थेने एका परंपरागत वैद्याच्या कुटुंबाकडून पाठ घेऊन लवंग, ज्वारी व आणखी दोन वनस्पतींपासून निप्रिसान तयार केले. चाचणीत तीव्र वेदनेचे झटके कमी झाले, परंतु रक्तक्षयावर परिणाम दिसला नाही. त्याचे उत्पादन हाती घेतलेली कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली. इतक्या मेहनतीनंतर तेथवरच मजल गेली, हे लक्षात घेऊन आमची कळकळीची विनंती आहे की हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. काढा घेत असाल तर आम्हांला सांगा, आम्ही रागावणार नाही.

आता हितचिंतकांच्या देणगीविषयी. वनस्पतीतून औषध काढण्यास रसायनशाळा, प्राण्यांवरील विषपरीक्षा, नीतिसमिती, मोठ्या संख्येचे रुग्ण आणि बहुधा एखादे दशक लागते. जिल्ह्याच्या ठिकाणचे धर्मादाय रुग्णालय हे करू शकणार नाही, आणि करतो असे म्हटले तर ती फसवणूक होईल. आम्हांला जे करता येते ते साधे आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर ‘घरी दिलेले औषध’ असा एक रकाना वाढविला आहे. तो भरताना परिचारिकेने पावरी, भिली किंवा मावची ज्या बोलीत रुग्ण बोलतो त्याच बोलीतील वनस्पतीचे नाव लिहावे, असे ठरले आहे. शक्य असेल तेथे नमुना मागून घेतो, वर्तमानपत्राच्या कागदात दाबून सुकवितो आणि जाणकारांना दाखवितो. डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील २००३ सालचा इंग्रजी ग्रंथ यासाठी फार उपयोगी पडतो. औषधाचा दुष्परिणाम संशयास्पद वाटल्यास २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे कळविण्याची सोय आहे, तिचा आम्ही आता खरोखर उपयोग करू लागलो आहोत.

एक खबरदारीही घेतो. आजींनी किंवा बडव्यांनी सांगितलेला पाठ आम्ही छापत नाही व बाहेरच्या कोणास देत नाही. तो त्यांच्या गावाचा आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्यावर गावाचा हक्क मानलेला आहे. यंदाच्या अहवालात कृती व मात्रा कोठेही दिसणार नाहीत, त्याचे कारण हेच.

या कामासाठी आम्हांला मोठी रक्कम नको. नमुने ठेवण्यासाठी ओल न लागणारे एक लोखंडी कपाट आणि आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांचा प्रवासखर्च, एवढेच सध्या हवे आहे. शाळेसाठी देऊ केलेली रक्कम त्या सद्गृहस्थांनी मनात काही न ठेवता बालरोग कक्षाकडे वळविली, याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

बाहेर व्हरांड्यातील मेजावर दोन्ही कुड्यांच्या फांद्या शेंगांसह मांडून ठेवल्या आहेत. त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. त्या आजी नातवाच्या तपासणीसाठी आज आलेल्या आहेत आणि मेजापाशीच बसल्या आहेत. चहाच्या वेळी त्यांना विचारून घ्यावे.