सभागृहातील तीन फेज



अध्यक्षीय भाषणात विद्युत-व्यवसायाच्या सर्व अंगांचा धावता आढावा घेण्याची प्रथा आज बाजूस ठेवतो. कारण मंगल कार्यालये आणि नाट्यगृहे यांतील तीन फेजच्या विजेविषयी जे बोलावयाचे आहे, तेच मिळालेल्या वेळेला पुरून उरेल.

नेकार नदीवरील लाउफेन येथून 1891 साली ही वीज 175 किलोमीटरवरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोहोचली, आणि पुढे जगाने ही पद्धती पत्करली. तीन प्रवाह समतोल असले म्हणजे त्यांची बेरीज शून्य होते, हा तिचा मोठा गुण. कारखान्यात तीन फेजच्या मोटारी हा समतोल आपोआप राखतात. सभागृहात मात्र दिवे एकाचे, ध्वनिक्षेपण दुसऱ्याचे, भटारखाना तिसऱ्याचा आणि मुख्य पॅनेलची किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात, असा कारभार असल्यामुळे समतोलाचा मुखत्यार कोणीच नसतो.

ध्वनियंत्रणेत दिव्यांच्या डिमरची घरघर उतरू नये म्हणून दोहोंना निरनिराळे फेज देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु न्यूट्रलच्या मानाने प्रत्येक फेज 240 व्होल्टचा असला, तरी दोन फेजमधील दाब 415 व्होल्ट भरतो. 250 च्या वरच्या या दाबाला 1956 च्या विद्युत नियमांनी मध्यम दाबाच्या सदरात घालून धोक्याची पाटी आवश्यक ठरविली होती. कवटीची ती पाटी पॅनेलवर इमानेइतबारे टांगलेली असते. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मायक्रोफोनच्या आणि दिव्याच्या स्टँडवर ती नसते. दोहोंचे अर्थिंग तुटले आणि दोहोंत दोष उद्भवला, तर त्यांना एकाच वेळी स्पर्श करणाऱ्या गायकाच्या अंगातून पूर्ण 415 व्होल्टचा मार्ग तयार होतो. अशा वेळी मुख्य पॅनेलवरचा चार पोलचा, गळती ओळखून वीज तोडणारा एकुलता एक आरसीसीबीही गप्प राहू शकतो, कारण कोरड्या लाकडी रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसातून एका फेजचा प्रवाह दुसऱ्यात परत जातो, जमिनीत गळत नाही, आणि यंत्राच्या हिशेबी जमाखर्च जुळलेला असतो. प्रत्येक शाखेला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर हीच फूट दोन्हीकडे उघडी पडते. हा खर्च टाळणाऱ्या मालकांशी वाद घालण्यात मला आता गोडी उरलेली नाही. अशांच्या सभागृहाचा दाखलाच अडवावा, असे माझे मत आहे.

न्यूट्रलची कथा याहून निराळी आणि अधिक कपटी आहे. तो ढिला झाला की कमी भाराच्या फेजवरील दाब 415 च्या दिशेने चढू लागतो. एका कोपऱ्यातले दिवे मंदावतात, दुसऱ्या कोपऱ्यातले पंखे आणि प्रवर्धक जळतात, आणि माणसे वीजमंडळाला दूषणे देत बसतात. शिवाय डिमर व एलईडीचे विद्युत-पुरवठे यांतून निघणारे तिसऱ्या पटीचे प्रवाह परस्परांना मिटविण्याऐवजी न्यूट्रलमध्ये एकत्र येतात. म्हणून फेज समतोल असूनही ती तार तापते. न्यूट्रल अर्ध्या जाडीचा चालतो हे मोटारींच्या काळातील अनुमान आजच्या रंगमंचावर लागू करणे ही शुद्ध बेपर्वाई होय.

दुपारच्या बैठकीत मी जो ठराव मांडणार आहे, त्यात प्रत्येक सभागृहाच्या पॅनेलशेजारी कोणत्या सॉकेटला कोणता फेज याचा नकाशा लावावा, न्यूट्रल फेजच्या जाडीचा असावा आणि त्याचे जोड दर मोठ्या कार्यक्रमापूर्वी तपासून नोंदवहीत दर्ज करावेत, अशी मागणी आहे. कार्यक्रम चालू असताना पॅनेलपाशी एक परवानाधारक तारतंत्री हजर असावा आणि वीज तोडण्याचा त्याचा हुकूम यजमानापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांवर चालावा, हे त्यातील मुख्य कलम. त्याचे वेतन मालकाने द्यावे की भाडेकरूने, यावर काल कार्यकारिणीत बराच खल झाला. माझा कौल मालकाच्या बाजूने नाही, आणि त्यावर सभासदांनी मोकळेपणाने बोलावे.