शिकविणाऱ्याचें तोंड बांधल्यास नुकसान कोणाचें?

(तालुक्यांतील शिक्षक व पालकांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या विचारस्वातंत्र्याची उठाठेव खेड्यांतल्या मास्तरांनीं कां करावी, असें कोणी म्हणेल. पण आपण ज्यांस मुळाक्षरें गिरवायला लावलीं, तींच मुलें पुढें तेथें जातात. म्हणून बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूनें हा प्रश्न आम्ही मांडतों.

हिमगौरी व सात बुटके यांची गोष्ट आपण वर्गांत सांगतों. ती छापणारे याकोब व विल्हेल्म ग्रिम हे बंधु जर्मनींतील हानोवर राज्यांत, ग्योटिंगेन विद्यापीठांत प्राध्यापक होते. १८३७ सालीं एर्न्स्ट आउगुस्ट गादीवर आला आणि त्यानें १८३३ ची राज्यघटना रद्द केली. प्राध्यापकांनीं तर त्याच घटनेची शपथ वाहिलेली! डालमान यांनीं निषेधाचा मसुदा केला, त्यावर ग्रिम बंधूंसह सात जणांनीं सह्या केल्या. बाकीचे बहुतेक विद्वान गप्प राहिले.

त्या निषेधांतील एक मुद्दा ध्यानांत धरण्याजोगा आहे. आमच्या शिकवण्याचें यश विद्वत्तेइतकेंच आमच्या चोख वर्तनावर अवलंबून आहे. शपथेचा खेळ करणारीं माणसें म्हणून विद्यार्थ्यांपुढें उभे राहिलों, तर शिकवण्याची बरकतच गेली, असें त्यांनीं म्हटलें. म्हणजे त्यांचा झगडा स्वतःच्या ऐटीसाठीं नव्हता, विद्यार्थ्यांच्या विश्वासासाठीं होता.

विद्यार्थ्यांनीं तें ओळखलें. त्यांनीं निषेधाच्या नकला हातानें उतरून देशभर पोंचविल्या. डिसेंबरांत सातही जण बडतर्फ झाले. डालमान, याकोब ग्रिम व गेर्व्हिनुस या तिघांस तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. तेव्हां विद्यार्थी सरहद्दीपलीकडे विट्झेनहाउझेन गांवापर्यंत त्यांस निरोप देण्यास गेले. लायप्झिग येथें मंडळ स्थापून लोकांनीं वर्गणी काढली व त्यांच्या पगाराची सोय केली.

आतां आपल्याकडे पाहूं. श्रीमंताचा मुलगा दहा पुस्तकें विकत घेऊन खरेंखोटें पडताळील. ज्याच्या घरीं पहिलेंच पुस्तक त्याच्या हातून आलें, त्याला प्राध्यापकाचा शब्द हाच आधार. तो शब्द भीतीनें आखडला, तर सर्वांत अधिक नागवला जातो तो आपलाच मुलगा, आपलीच मुलगी.

स्वातंत्र्य म्हणजे तास बुडविण्याची मुभा नव्हे, आणि विद्यार्थ्याचें तोंड दाबण्याचा परवाना तर नव्हेच. जो स्वतःस मोकळें बोलूं द्या म्हणतो, त्यानें मुलाचा उलट प्रश्नही ऐकलाच पाहिजे.

पालकहो, मुलें सुटींत घरीं आलीं म्हणजे केवळ मार्क विचारूं नका. “तुमचे प्राध्यापक प्रश्न विचारूं देतात काय? उत्तर देतांना ते दाराकडे बघतात काय?” हेंही विचारा. आणि खरें बोलल्याबद्दल एखाद्या शिक्षकाची भाकरी गेली, तर आपल्या भाकरींतला चतकोर त्यास द्या. राजाच्या हुकुमापुढें विद्यार्थ्यांनीं व लोकांनीं जें केलें, तें मतदार असलेल्या आपणांस जड जाऊं नये.