मोडाची मटकी आणि रिकामी ओळ
(मालेगाव, जिल्हा वाशीम येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



प्राथमिक शाळेतील विज्ञानासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. प्रारंभ आमच्याच चुकीने करणे योग्य होईल.

मुलांनी विज्ञान हाताने शिकावे, या हेतूने आम्ही काही कार्यपत्रिका तयार केल्या होत्या. एकीत ओळ होती : ‘बी रुजण्यास पाणी, हवा आणि ...... लागते.’ उत्तर अपेक्षित होते ‘ऊब’. बहुतेक मुलांनी लिहिले ‘सूर्यप्रकाश’. ज्यांच्या घरी माउलीने भिजवलेली मटकी फडक्यात बांधून झाकून ठेवली होती आणि अंधारातच तिला मोड आले होते, त्यांनीही तेच लिहिले! दोष मुलांचा नव्हता. आमच्या रिकाम्या ओळीने त्यांस पाहावयास सांगितलेच नव्हते. केवळ आठवावयास सांगितले होते.

मग आम्ही पत्रिका बदलली. दहा भिजवलेले दाणे ओल्या फडक्यात उजेडात, दहा तसेच झाकलेल्या डब्यात, दहा कोरडे. आधी अंदाज लिहावा, दोन दिवसांनी मोड मोजावे. अंदाज चुकल्यास खोडू नये. मोजणी होताच एका मुलीने विचारले, “मग झाडाला ऊन कशाला?” दाण्यातील शिदोरी संपेपर्यंत अंकुराचे भागते, पुढे अन्न तयार करण्यास पानांना ऊन हवेच. हा पाठ त्या प्रश्नातून निघाला.

हा मार्ग नवा नव्हे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली असा उपक्रम सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांच्या आधारे मुले प्रयोग करून निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा असे. २००२ साली शासनाने तो बंद केला. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही प्राथमिक वर्गांसाठी पाठ्यपुस्तकाच्या जोडीस कार्यपुस्तक सिद्ध केले.

आपले मंडळ गुणवंतांचा सत्कार करते. तो अवश्य व्हावा. परंतु एक पारितोषिक अशा वहीस द्यावे, जीत चुकलेला अंदाज न खोडता ठेवला आहे आणि त्याखाली डोळ्यांनी पाहिलेले लिहिले आहे. आपले वाडवडील मूठभर माती दाबून ओल पाहत आणि मगच पेरणी करीत. ती नजर शाळेच्या दाराशी काढून ठेवावयास लावणारे शिक्षण आपल्या लेकरांस नको, एवढीच आमची प्रार्थना.